ग्लेनिसच्या पायाशी ठेवलेलं टी-ट्री

मर्व्ह हॉकिंग जन्माचा भित्रा. गावात शाळेची बस चालवून निवृत्त झाला, पण एवढ्या वर्षांत त्याने कुणाला ओव्हरटेक केल्याचं कुणी पाहिलं नाही. वीज कडाडली की हा टीव्हीची पिन काढायचा. असल्या माणसाने घरी बसून पोस्टाची तिकिटं जमवावीत की नाही? पण त्याला नाद लागला तो रानातली टी-ट्री खणून आणायचा आणि त्यांचे बोन्साय करायचा.

नावात चहा असला तरी हे आपल्या कपातलं झाड नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या दक्षिण गिप्सलँडच्या दलदलीत, समुद्राच्या वाऱ्याने वाकलेली ही झाडं माजलेली असतात, आणि गुरं येताजाता शेंडे खाऊन त्यांना ठेंगणी ठेवतात. जपानी झाडं थंडीत खणतात, तेव्हा साप झोपलेले असतात. टी-ट्री थंडीत उपटलं तर मेलंच म्हणून समजा. ते काढायचं ऊन तापल्यावर, म्हणजे नेमकं साप बाहेर फिरतात तेव्हा. शिवाय मुळं एकदा का सुकली की झाड गेलं. त्यामुळे मर्व्ह दर उन्हाळ्यात जीव मुठीत धरून दलदलीत उतरायचा आणि त्याची बायको ग्लेनिस पाय आपटत जमिनीला हादरे देत पुढे चालायची.

त्या दिवशी ते ओळखीच्या रोंडाच्या शेतावर गेले होते. तळ्याचा काठ साफ करायला बुलडोझर येणार होता, तेव्हा हवं ते घेऊन जा, असं रोंडानेच कळवलं होतं. काठावर एक जाडजूड बुंधा पिळवटून आडवा पडलेला होता. मर्व्हने पान चुरगळून हुंगलं, फांदीला चिकटलेली जुनी टणक बोंडं नखाने टोकरली, एका पांढऱ्या फुलाच्या पाच पाकळ्या निरखल्या.

"तसंच दिसणारं ते कुंझिया नाही ना?" ग्लेनिसने विचारलं. "मागच्या वेळी घरभर मिरवलंस आणि मग बोन्सायच्या क्लबात सगळे हसले."

"कुंझियाचे केसर पाकळ्यांच्या बाहेर येतात. हे बघ, आतच आहेत. टी-ट्रीच आहे. आणि म्हातारं आहे, ग्लेन. आपल्यापेक्षा म्हातारं."

"मग जपून उचल. म्हाताऱ्यांची कंबर धरते."

मर्व्हने आपल्या शिस्तीप्रमाणे आधी गोणपाट भिजवलं, घडी घालून सावलीत गवतावर ठेवलं आणि मग खणायला घेतलं. झाड सुटल्यावर ते त्या घडीवर ठेवून, वरून गोणपाट ओढून त्याने सुतळीने बांधलं. पिकअपच्या मागच्या हौद्यात ठेवलं असतं तर वाऱ्याने पानं वाळली असती. म्हणून झाड केबिनमध्ये, ग्लेनिसच्या पायांमध्ये. तिने चिखलाचे गमबूट काढून मागे टाकले आणि अनवाणी पाय गोणपाटाला लावून बसली.

पहिलं फाटक तिनेच उघडलं. तिकडे शेजारी बसणाऱ्याने फाटकं उघडायची, हा शिरस्ताच. गाडी पलीकडे गेली, ती फाटक लावून आत बसली आणि मग गप्पच झाली. मर्व्हने हवापाण्याचं काढलं, उत्तर नाही. झाडामुळे पाय अवघडलेत म्हणून ही फुगली, असं त्याने धरलं.

दुसरं फाटक आलं.

"आज तू उघड," ती म्हणाली.

"मी? चालवतोय कोण?"

"उतर, मर्व्ह. गुपचूप उतर."

तिचा स्वर ऐकून तो मुकाट्याने उतरला. उताराचा त्याला भरवसा नव्हता, म्हणून इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून. फाटक उघडून तो गाडीच्या पुढून परतला, आणि तिला दोन शब्द गोड बोलावेत म्हणून तिच्या खिडकीशी वाकला.

गोणपाटाच्या घडीतून जहाल विषारी टायगर साप अर्धा बाहेर आला होता. काळपट, अंगावर पिवळसर पट्टे. त्याची मान ग्लेनिसच्या उघड्या पायावर टेकली होती.

हिला कळलेलं नाही, असंच मर्व्हला वाटलं. कळलं तर पाय झटकेल, आणि मग संपलंच. दवाखाना किती लांब! गोणपाट भिजवलं कुणी? गारव्याला ठेवलं कुणी? झाड आत घ्यायचा हट्ट कुणी केला? त्याने दार उघडलं. इतकं हळू की बिजागरीसुद्धा वाजली नाही.

"ग्लेन," तो म्हणाला, "रात्रीला चॉप्स करायचे का?"

"मला माहितीये, मर्व्ह." तिचे ओठ जेमतेम हलले. "तू हलू नकोस."

उजेड आत आला तसा साप थबकला. जीभ बाहेर आली, आत गेली. मग तो पावलावरून सरकला, उंबऱ्यावरून लोंबला आणि खाली आला तो थेट मर्व्हच्या बुटावर. आयुष्यभर पाण्याच्या नळीला बिचकणारा तो माणूस दार धरून उभा राहिला. साप बुटावरून उतरून गवतात गेला, गवत हललं, मग हलायचं थांबलं.

मर्व्हने झाड उचलून बाहेर टाकलं, ते गोणपाट लाथेने उडवलं आणि तिचे पाय वरखाली तपासले. ओरखडासुद्धा नव्हता.

"मुळं उघडी पडली," ती म्हणाली. "वाळतील."

"मरू दे ते झाड!"

"खबरदार मेलं तर. एवढा वेळ मी दगडासारखी बसले ती काय फुकट?"

गोणपाटाला हात लावायची दोघांचीही छाती होईना. मर्व्हने अंगातला शर्ट काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवून मुळांना गुंडाळला आणि झाड हौद्यात ठेवलं. वाऱ्यात.

"कधीपासून कळलं होतं तुला?" त्याने विचारलं.

"पहिल्या फाटकापासून. पायाखाली काहीतरी हललं."

"आणि बोलली नाहीस? मी इथवर खड्ड्यांतून गाडी हाणली!"

"तुला सांगितलं असतं तर गाडी तळ्यात गेली असती."

हे खरंच होतं. मर्व्ह बनियनवर उभा, ओशाळून हसला. मग त्याचं हसू गेलं.

"पण मग फाटक उघडायला मला का लावलंस? तू उतरली नाहीस ते कळलं. पण मला का उतरवलंस?"

ग्लेनिस आपले पाय चोळत होती. वर न बघताच ती म्हणाली, "तू तरी बाहेर असावास म्हणून."

गाडी पलीकडे नेल्यावर फाटक लावायचं राहिलं होतं. ते लावायला मर्व्हच गेला. साधी साखळी अडकवायची होती, पण तो पाठमोरा बराच वेळ तिथे उभा राहिला, आणि ग्लेनिसने त्याला हाक मारली नाही.