उकळलेल्या पाण्यातला बर्फ

रसवंतीपाशी बर्फ गुंडाळलेल्या ओल्या गोणपाटाचा वास आला की मला नाशकातलं नर्सिंगचं शिक्षण आठवतं. सत्तरच्या दशकातला उन्हाळा, कॉलऱ्याची साथ, वॉर्डात जमिनीवरसुद्धा पेशंट. मोठे डॉक्टर आम्हा विद्यार्थिनींना तासभर बजावत होते, पाणी उकळूनच प्यायचं. बोलून त्यांचा घसा सुकला, तेव्हा सिस्टरनी मुद्दाम उकळून ठेवलेलं पाणी पुढे केलं. एक घोट घेऊन डॉक्टर वैतागले, "कोमट आहे हो! समोरच्या रसवंतीतून बर्फ मागवा." सिस्टर चाचरत म्हणाल्या, "सर, तो बर्फ कसल्या पाण्याचा असेल?" "अहो, पाणी उकळलंय ना तुम्ही? मग झालं तर!" बर्फ आला, डॉक्टर गटागटा प्यायले. डोकं आपटायचं तरी कुठे? आजही कुणी पाणी उकळण्यावर भाषण सुरू केलं, की मी आधी त्याच्या ग्लासात डोकावते.