चष्मा काढला की टाळ्या

आता तुमच्यापासून काय लपवायचं! परक्या देशातला एक अख्खा राजकीय पक्ष माझ्यामुळे बारशालाच बुडायच्या बेतात होता. त्या देशात मी कधी पाऊलही टाकलेलं नाही. हसू नका, आधी ऐका तरी.

आम्ही राहतो डब्लिनला. ओहायोतलं डब्लिन, आयर्लंडचं नव्हे. शेजारी दोइना राहते, मोल्दोव्हाची. हा मोल्दोव्हा कुठे असतो हे ती शेजारी येईपर्यंत मलाही माहीत नव्हतं, तेव्हा तुम्ही ओशाळू नका. रोमानिया आणि युक्रेनच्या मधला चिमुकला देश. दोइना इथे दातांच्या दवाखान्यात नोकरी करते, पण जीव सगळा तिकडे. तिकडचे तिचे मित्र एक छोटासा पक्ष काढत होते. म्हणणं एवढंच, की आपला देश युरोपियन युनियनमध्ये गेला पाहिजे. इथल्या समर्थकांची सभा दोइनाने घ्यायची, भाषणही तिनेच करायचं, आणि ते तिकडे लाइव्ह दिसणार. तिची आई अख्खं गाव घरी जमवून बघणार होती.

सभेच्या आधीच्या रविवारी ती चहाला आली तीच रडकुंडीला येऊन. हॉल मोठा घेतलेला आणि येणारी माणसं जेमतेम दहा-बारा. रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर आईला गावात तोंड कसं दाखवता येणार? शिवाय विरोधक टपलेलेच होते. त्यांचा आरोप एकच: हा पक्ष बाहेरच्यांचा आहे.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मला फक्त 'रिकाम्या खुर्च्या' ऐकू आलं. अहो, आमच्या मराठी मंडळाचे हॉल भरण्यात माझी हयात गेली! कवितावाचनालासुद्धा मी माणसं उभी ठेवलेली आहेत. मी छाती फुगवून म्हटलं, गर्दीचं माझ्यावर सोड.

मेधा, म्हणजे आमची सौ., स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “सुहास, प्लीज, तू यात पडू नकोस.”

मी पडलो. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला, शनिवारी सभा, नंतर जेवण. कसली सभा, कोणाची सभा, एकानेही विचारलं नाही. मेनू काय, एवढंच सगळ्यांनी विचारलं.

शनिवारी हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत मंडळाच्या सुलभामावशी पैठणी नेसून, गजरा माळून. मागे देशपांडे, वानखेडे, कुलकर्णी सहकुटुंब. दोइनाचे दहा-बारा जण त्यात दिसेनासे झाले. दोइना दारातच थबकली, पण लाइव्ह सुरू झालं होतं. भाषण रोमानियनमध्ये, मोल्दोव्हाचीही भाषा तीच, म्हणजे आमच्या मंडळींना ओ की ठो कळणार नव्हतं. त्याचीही सोय मी करून ठेवली होती. मी पुढे उभा राहणार, मी चष्मा काढला की टाळ्या.

सुरुवात झकास झाली. पण हॉलमध्ये माणसं कोंबलेली, मागे भज्यांचे गरम ट्रे. मला आला घाम, आणि मी चष्मा काढून पुसायला घेतला.

टाळ्यांचा कडकडाट! सुलभामावशींनी तर 'वन्स मोअर' दिला.

दोइना भाषण सोडून आमच्याकडे बघायला लागली. फोन धरून उभा असलेला तिचा मित्र आंद्रेई माझ्या कानाशी लागला. ती सांगत होती म्हणे, की गावंच्या गावं ओस पडली, शाळा बंद झाल्या, आता नुसती म्हातारी माणसं उरलीत. तिकडून लोक विचारत होते, हे टाळ्या वाजवणारे निर्दयी कोण?

आता तरी गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, आपल्या माणसांचे चेहरे दिसले तर गैरसमज दूर होईल. मी आंद्रेईला म्हटलं, “कॅमेरा जरा गर्दीवर फिरव.”

त्याने फिरवला. आमच्या मंडळींनी हात हलवले.

संध्याकाळपर्यंत विरोधकांनी ती क्लिप देशभर फिरवली. बघा, आम्ही सांगत होतो ना, बाहेरच्यांचा पक्ष! आता इतके बाहेरचे असतील असं त्यांनाही वाटलं नसावं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी दोइनाकडे जाऊन सगळं कबूल केलं, चष्म्याच्या खुणेसकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आईचा फोन होता. पक्षाचं नाव कुत्रं विचारत नव्हतं, ते त्या क्लिपमुळे घराघरात पोचलंय. माणसं स्वतःहून चौकशीला येतायत. आणि गजरेवाल्या बाईंना आईने नमस्कार सांगितलाय.

“तू माझ्यासाठी माणसं आणलीस,” ती म्हणाली. “तुझी वेळ आली की मी आणीन.”

मला वाटलं, बोलायची पद्धत असते.

पुढे आमच्या मंडळाची निवडणूक लागली. अध्यक्षपदाला मी आणि विनय बापट. खरं सांगतो, मला ती खुर्ची मनापासून हवी होती. इतकी वर्षं सतरंज्या मीच उचलल्या होत्या की! सभेला पोचलो तर पहिल्या रांगेत दोइना, आंद्रेई आणि त्यांची सगळी फौज, झब्बे-साड्यांत, ताठ बसलेली.

बापट उठला. “एक शंका आहे. ही बाहेरची माणसं कोणी आणली?”

मी तोंड उघडायच्या आत दोइना उभी राहिली आणि सुलभामावशींनी शिकवलेलं एकुलतं एक मराठी वाक्य तिने खणखणीत आवाजात म्हटलं.

“आम्ही ह्यांची माणसं.”

पुढचं मतदान म्हणजे नुसता उपचार होता. मी सपशेल पडलो. निकाल वाचला गेला, माझे डोळे जरा भरून आले, आणि मी चष्मा काढला.

पहिल्या रांगेने टाळ्यांनी हॉल दणाणून सोडला.