बरो आसा म्हणायचं नाही

आम्हा चार-पाच रेडिओवेड्यांचा एक नेम होता. कुणी घरी बनवलेलं यंत्र आणलं, की त्याने ते टेबलावर ठेवून वाजवून दाखवायचं आणि गप्प बसायचं. बाकीच्यांनी ऐकून खोड काढायची. खोड न काढता जो "बरो आसा", चांगलं आहे, एवढंच म्हणेल, त्याने उठून सगळ्यांसाठी चहा करायचा. बैठक वेंगुर्ल्याच्या मित्राकडे भरायची. तो काजूच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा आणि एकटाच राहायचा. घरात स्टोव्ह होता, पण इतक्या वर्षांत तो पेटवायची पाळी कुणी स्वतःवर येऊ दिली नाही. आम्ही पाणी पिऊन परत जायचो.

मी मिठबावला शाळेत विज्ञान शिकवत होतो. साठीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं आणि ट्रान्झिस्टर आमच्यासारख्यांच्या हाती नुकते यायला लागले होते. त्यातले दोन योग्य रीतीने जोडले की स्पीकरमधून सूर निघतो, हे मला एका संध्याकाळी कळलं, आणि त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वडिलांची पेटी आठवली.

वडील चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पायही बराचसा आला, डावा हात मात्र आला नाही. उजवा हात शाबूत, बोटं तशीच चपळ, पण पेटीचा भाता मारायचा कुणी? शेजाऱ्यांनी सांगितलं, आम्ही मारतो. माझा चुलतभाऊ एक दिवस बसलाही. वडिलांनी अर्ध्या अभंगात हात उचलला. "माझो श्वास दुसऱ्याच्या हातात? नको रे," म्हणाले, आणि पेटीला जुनं धोतर गुंडाळून ती माळ्यावर टाकायला लावली. त्यानंतर घरात गाण्याचा विषय निघाला नाही. भजनाला बोलावणं आलं की ते झोपल्याचं सोंग करायचे.

मला वाटलं, भात्याशिवायची पेटी करावी. कुडाळच्या बाजारातून एका मोडक्या पेटीच्या पट्ट्या आणल्या, आंब्याच्या फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळल्या, आणि सगळं रेडिओच्या स्पीकरला जोडलं. वीज गावात नव्हती, बॅटरीवरच कारभार. एका वेळी एकच सूर निघायचा, पण पट्टी दाबली की निघायचा. वडिलांना दाखवण्याआधी मी तो डबा पिशवीत घालून, दोन एस.टी. बदलून वेंगुर्ल्याला नेला. खरं सांगायचं तर खोड ऐकायला नव्हे, मिरवायला नेला होता.

मी एक साधी चाल वाजवली आणि नेमाप्रमाणे गप्प बसलो.

"प्रत्येक सुराआधी टक वाजता," वेंगुर्ल्याचा म्हणाला. "आणि सूर उतरत चल्लो. सुरवातीक खंय होतो आणि आता खंय आसा?"

फोंडाघाटचा मित्र लॉरींचं वायरिंग करायचा. आमच्यातला सगळ्यात तोंडाळ तोच. तो विडी विझवून म्हणाला, "हो भोंगो आसा. लॉरीक लाव, 'बाजूक हो' म्हणूक बरो."

माझं डोकं फिरलं. मास्तरकीने माझा स्वभाव आधीच आंबट झालेला. मी ताडकन सांगून टाकलं की हा डबा कुणासाठी आहे, वडिलांचा हात कसा गेला, पेटी माळ्यावर कशी पडली आहे. तोवर मी कुणाला काही बोललो नव्हतो. वाटलं, आता तरी हे मऊ पडतील.

फोंडाघाटच्याने डबा पालथा करून बघितला. मग त्याने विचारलं, "तुझ्या बापाशीचो उजवो पाय चलता मां?"

"चलता."

"मगे? घाटात लॉरी हातान चडता काय पायान? तुझो बापूस भात्यान सूर ल्हान-मोठो करी. तुझ्या डब्यात ताच नाय. श्वास खंय आसा ह्येका?"

चार महिने मी भात्याला अडचण समजत होतो. वडिलांचं निम्मं गाणं त्या भात्यात होतं, हे ज्याने पेटीला कधी हातही लावला नव्हता त्याने मला सांगितलं.

पुढचे महिने पोस्टकार्डांवर गेले. टक कशाने जाईल ते वेंगुर्ल्याहून आकृती काढून आलं. सूर उतरायचं कारणही त्यानेच शोधलं: खारी हवा. आंब्याची फळी दमट होते आणि वीज खिळ्याखिळ्यांतून पाझरते. उपाय म्हणून त्याने काजूच्या टरफलाच्या तेलाची बाटली पाठवली. होडीच्या लाकडाला लावतात तेच. सोबत चिठ्ठी होती, की कढवून मगच लाव. मी घाईत, चिठ्ठी न वाचता, कच्चं तेल बोटांनीच फळीला चोळलं. लहानपणी काजू भाजताना ओठ पोळून घेतलेल्या माणसाने हे करावं! दोन्ही हातांना टरारून फोड आले, खडू धरता येईना. मी पडवीत हात पसरून बसलेला बघून वडील म्हणाले, "घरात आता धड हात एकच, आणि तो माझो."

आई आत हसली. मीही हसलो. त्यांनी केलेली ती दोन वर्षांतली पहिली थट्टा होती. मग तेच म्हणाले, "काय करतंस रे ता? कोणासाठी?" मी सांगितलं. ते उठून गेले नाहीत.

मे महिन्यात दोघे मित्र आंबे खायला म्हणून आले. फोंडाघाटच्याने पिशवीतून एका भंगारात गेलेल्या लॉरीचा, पायाने दाबून वेग वाढवायचा खटका काढला. त्याला स्प्रिंग आणि दोरी लावून त्याने तो रेडिओच्या आवाजाच्या बटणाला असा जोडला, की पाय दाबला की सूर मोठा, सोडला की बारीक. दुपारभर आम्ही तिघे पडवीत पालथे पडून होतो. वडील खुर्चीतून बघत होते.

शेवटी डबा त्यांच्यासमोर ठेवला. पहिल्यांदा पाय असा जोरात पडला की माडावरचे कावळे उडाले. त्यांनी पाय काढला. मला वाटलं, संपलं, आता हा डबाही माळ्यावर. पण ते पुन्हा पुढे सरकले, पाय हळूच ठेवला आणि एक पट्टी दाबून धरली. सूर मोठा झाला, बारीक झाला, परत मोठा झाला. मग बोटं चालू लागली. त्यांच्या आवडीचा अभंग होता. पाय आपोआप त्याच ठेक्यात हलत होता, ज्या ठेक्यात पूर्वी डावा हात हलायचा. आई दारात येऊन उभी राहिली. मी रडत होतो आणि ते लपवत नव्हतो.

अभंग संपला. नेम आठवून आम्ही गप्प. वडिलांना तो नेम ठाऊक होता. वेंगुर्ल्याहून परत आलो की मी आईला सगळं चिडून सांगायचो, ते त्यांच्या कानावर जायचं.

"काळी चार वायच चडी आसा," ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं: काळी चारचा सूर थोडा चढा. मग ते पट्ट्यांवरून बोटं फिरवत राहिले. आणि म्हणाले, "पण बरो आसा."

आई चहा ठेवायला वळली, तर त्यांनी तिला हाक मारली. "बस गो. बरो कोणी म्हटल्यान? आज चाय मी करतलंय."

खुर्चीच्या हाताला धरून ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आजारपणानंतर त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आतून भांडी पडल्याचे आवाज आले, आईची चुळबूळ चालली होती, पण तिला आम्ही जाऊ दिलं नाही. मग ते एकेक कप आणू लागले. चार कप, चार फेऱ्या. प्रत्येक कपातला अर्धा चहा बशीत.

फोंडाघाटच्याने घोट घेतला. त्याचं तोंड मला ठाऊक होतं.

"साखर चड झाली," तो म्हणाला.

वडील इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

ते दोघे आज नाहीत, वडीलही नाहीत. लोकांनी माझं कौतुक पुढे पुष्कळ केलं आणि मी ते विसरलो. त्या दोघांनी काढलेली एकेक खोड मात्र पाठ आहे. काळी चार मी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवली.