विलायती गाडीचा नवा सायलेन्सर

लग्न होऊन मी मोहाडीहून तुमसरला आले, तेव्हा आमच्या राइस मिलच्या आवारात एक गाडी उभी असायची. दोनच माणसं बसतील अशी, कापडी छपराची, ठेंगणी, विलायती स्पोर्ट्स कार. चिखल्याच्या मँगनीज खाणीतला एक इंग्रज साहेब मायदेशी जाताना माझ्या सासऱ्यांना ती विकून गेला होता. सासरे धोतर नेसून ती चालवायचे, आणि इतकी सावकाश की सायकलवाले पुढे निघून जात.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, तेव्हा सासरे बसल्या जागी गेले. त्यानंतरचा पावसाळा मला अजून नकोसा वाटतो. नवा धान येईपर्यंत मिल बंद. माझे यजमान बैठकीत बसायचे, उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. जेवता जेवता मधेच हात धुवायचे. वडिलांचं नावही काढत नसत. मी कोष्ट्याच्या घरातली. माहेरी दिवसभर माग चालायचा, हात कधी रिकामे नसायचे. इथे स्वयंपाक आटोपला की मला कुठे बसावं ते कळेना. मीही त्यांच्यामागे खिडकीतून फाटक आणि फाटकातून खिडकी असं पाहत राहायची.

एक दिवस त्यांनी गाडी बाहेर काढली. रेल्वे फाटकावरच गंजलेला सायलेन्सर तुटून रुळांजवळ पडला. इतक्या जुन्या गाडीचा अस्सल सायलेन्सर मिळणार कुठून? ते नागपूरला गेले आणि एसटीच्या टपावर एक लांबलचक जाड नळकांडं घालून परत आले. शर्यतीच्या शौकिनांसाठी तिथल्या एका कारखान्यात बनवलेलं होतं ते.

"आतून सरळ हाये. धूर अडत नाही. गाडी मोकळी पळते," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते एका दमात एवढं बोलले होते.

आमचा मिस्त्री गावी गेला होता. यजमानांना थांबवेना. त्यांनी गाडी जॅकने उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवली, पण अंगानं आडवे, खाली शिरता येईना. खांदा अडकला की चिडायचे.

"सरका, मी जातो," मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही घरात 'जातो', 'येतो' असंच बोलतात.

"तू?"

"मंग कोन जाईल?"

त्यांचा जुना शर्ट लुगड्यावर चढवला आणि पोत्यावर पाठ टेकून खाली सरकले. डोळ्यांत गंज पडला. इंजिनाजवळचे नट घासलेटात भिजवले तरी हलेनात. ते वरून पाना द्यायचे, मी जोर लावायची. एक बोल्ट तुटला, बाकीचे निघाले. दारातून सासूबाईंचा आवाज आला, "काय करून राहिली वो तू तिथं?"

"नट खोलून राहिली, आई."

मला फक्त त्यांची पावलं दिसत होती. मग पावलं आत गेली.

नवी नळी जुनीपेक्षा जाड निघाली. बसस्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून मधे एक जोड घालून आणला. सायलेन्सर ज्या रबरी पट्ट्यांवर लोंबकळतो त्या कुजल्या होत्या. तेव्हा मिलच्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून, त्याला भोकं पाडून तोच वापरला. जोडाभोवती अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि मला बाहेर यावंसं वाटत नव्हतं.

गाडी सुरू झाली आणि मिलच्या पत्र्यांवरची कबुतरं एकदम उडाली. असा आवाज तुमसरात कोणी ऐकला नसेल. यजमान हसले. "बस!"

चिखल्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या, समोरून खाणीचे ट्रक. त्यांनी वेग वाढवला, आणखी वाढवला. माझ्या पायाखालचा पत्रा तापायला लागला. प्रत्येक खड्ड्यात खालून नळी ठोकत होती.

"थांबवा जी. खाली काहीतरी ढिलं झालं."

ते ऐकेनात. मी त्यांचा हात धरला.

"थांबलो तं घरी जावं लागन," ते म्हणाले. पुढेच पाहत होते.

तेवढ्यात पट्टा तुटला. सायलेन्सर रस्त्यावर घासायला लागला, ठिणग्या उडाल्या, तेव्हा कुठे गाडी थांबली. ते उतरून बांधावर जाऊन बसले. एका ट्रकवाल्यानं तार दिली. मी गाडीतलं पोतं बांधीतल्या पाण्यात भिजवून नळीवर टाकलं, वाफ निघाली, आणि पुन्हा खाली शिरून नळी तारेनं आवळून बांधली. मनगटाला चटका बसला तो बसलाच.

बाहेर आले तर ते म्हणाले, "मले मिल नाही चालवाची. बाबूजी गेल्यापासून जो येते तो मले त्यायच्या खुर्चीत बसवून राहिला."

"मंग काय करान?"

"माहीत नाही. तेच तं माहीत नाही."

"आईले सांगा," मी म्हटलं. "मले सांगून काय होते?"

परतताना ते सासऱ्यांइतक्याच सावकाश आले. गाडी मात्र गर्जतच होती. दारात शिरलो तर सासूबाई बाहेर आल्याच नाहीत. आत ओट्यापाशी बसून होत्या.

"आई, आवाज नाही आला का?" यजमानांनी विचारलं.

"आला न. मले वाटलं, कोनी दुसरंच आलं." त्या चुलीकडे पाहत होत्या. "हे यायचे तं मोडावरूनच गाडीचा आवाज यायचा, अन मी चहा ठेवाची."

ते म्हणाले, "काढून टाकतो आई. जुन्यासारखाच शोधून लावतो."

"काहून? जुना आवाज आला असता तं मी आज बी चहा ठेवाले उठली असती. हाच राहू दे."

ते तिथंच जमिनीवर बसले आणि आम्हा दोघींदेखत रडले. मग मिलचं बोलले. सासूबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही.

नवा धान आला तेव्हा मिल चुलतदिरांनी सांभाळली आणि यजमान खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकांच्या धंद्यात शिरले. त्यांची फाटकापर्यंतची येरझार काही पूर्ण सुटली नाही. त्या हिवाळ्यात मी गाडी चालवायला शिकले. आठवडी बाजाराला सासूबाईंना शेजारी बसवून मोहाडीला न्यायची. त्या आवाजात एकमेकींचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही दोघी रस्ताभर ओरडून बोलायचो.