समोरच्यांची गाडी

आमच्या घरात एका कंपनीचं नाव कधी घेतलं गेलं नाही. तिला आम्ही 'समोरचे' म्हणायचो. वडिलांची सगळी नोकरी पिकअप आणि ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात गेली, आणि त्याच धंद्यातली दुसरी कंपनी म्हणजे समोरचे. त्यांचा कारखाना समोर वगैरे अजिबात नव्हता. पण रस्त्याच्या कडेला त्यांची एखादी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली की वडील खुशीत यायचे आणि घरी आल्या आल्या आईला चहा टाकायला सांगायचे.

मी नोकरीच्या वाटेला गेलो नाही. धायरीत राहतो आणि हाउसिंग सोसायट्यांना झाडं पुरवतो. पहिली पिकअप अर्थातच 'आपल्या' कंपनीची घेतली, दुसरा विचार करायची सोयच नव्हती. आई गेल्यावर वडील सकाळी माझ्या आधी तयार होऊन केबिनमध्ये बसू लागले. कामाला हात लावायचे नाहीत. माझ्या गिअर टाकण्यावर बोलायचे, सोसायटीच्या वॉचमनशी वाद घालायचे आणि परतताना गप्प बसून बाहेर बघायचे. मी कुरकुर करायचो. पण एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर घरी काहीतरी विसरून आल्यासारखं वाटायचं.

गाडी थकली तेव्हा पंचाईत झाली. सोसायट्यांना आता रोपं नको असतात, लावल्या दिवसापासून सावली देणारी झाडं हवी असतात, आणि ती आमच्या हौद्यात मावेनात. शेंडे मागे लोंबायचे, पोलीस अडवायचे. समोरच्यांच्या नव्या पिकअपचा हौदा लांब होता. शिवाय केबिनला एसी होता. वाघोलीच्या रस्त्यावर उन्हात अडकलो की वडिलांचा चेहरा लालबुंद व्हायचा. ते काही बोलायचे नाहीत, पण मला दिसायचं.

कितीतरी आठवडे माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सिग्नलला शेजारी समोरच्यांची पिकअप थांबली की मी चोरून तिचा हौदा बघायचो, आणि वडिलांनी पाहिलं तर आरशात केस नीट करायचो. त्यांच्या शोरूमपर्यंत जाऊन तसाच पुढे निघून यायचो. जेवताना विषय काढायला जायचो आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हणून थांबायचो. शेवटी बायको म्हणाली, एकदाचं बोला, नाहीतर मी सांगते. मग सांगितलं. वडिलांनी ताटातलं सगळं संपवलं आणि म्हणाले, "घे. धंदा तुझा आहे."

मला ती परवानगी वाटली. आमच्याकडे माणूस फार दुखावला की एवढंच बोलतो, पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त हौदा होता.

गाडी आली. पहिली पूजा घरातल्या मोठ्या माणसाने करायची, म्हणून किल्ली त्यांच्या हातात दिली. शेजारीपाजारी बघत असताना ते नाही म्हणणार नाहीत, असा माझा अंदाज होता. तो बरोबर निघाला. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, हार मधोमध आला की नाही ते लांब जाऊन पाहिलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. स्वतः मात्र तुकडा तोंडात टाकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉर्न वाजवला तर ते पेपर वाचत बसले होते. त्या गाडीत मी बसणार नाही, आग्रह करू नकोस, एवढं सांगून त्यांनी पान उलटलं.

मी भयंकर चिडलो. गारेगार केबिन, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही, आणि शेजारी कोणी नाही. काचा बंद करून एसी लावायचो, गुदमरल्यासारखं झालं की काचा खाली करायचो, धूळ आली की पुन्हा वर. निवृत्त माणसाला कंपनीचा एवढा पुळका कशाला, कंपनी यांना ओळखते तरी का, असं गाडीत एकटाच मोठ्याने बोलायचो. गिअर चुकला तरी टोकणारं कोणी नव्हतं.

मग एकदा कर्वेनगरातल्या एका सोसायटीत झाडं घेऊन गेलो, तर फाटकाशी वडील उभे. वॉचमनशी वाद चालू. धायरीहून बसने निघून राजाराम पुलाशी उतरले होते आणि तिथून चालत आले होते. झाडं उतरेपर्यंत थांबले, दोर कुठे बांधायचा ते सांगितलं आणि निघाले. सोडतो म्हणालो तर, माझा पास आहे, म्हणाले.

त्यानंतर रोजचंच झालं. रात्री ते सहज विचारल्यासारखं उद्या कुठे जायचंय ते विचारायचे, आणि सकाळी मी एकीकडून, ते दुसरीकडून. माझा जीव आणखीच टांगणीला लागला. प्रत्येक बसच्या खिडकीत ते दिसतात का बघायचो. त्यांना जागा मिळाली असेल का, उतरताना तोल गेला तर. न राहवून एकदा म्हणालो की हा काय हट्ट आहे.

"भांडण गाडीशी आहे," ते म्हणाले. "तुझ्याशी नाही."

वाघोलीचं काम आलं तेव्हा मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांनी ते बायकोकडून काढून घेतलं. भर दुपारी आले, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल. बागेच्या कठड्यावर बसले. वॉचमनने पाणी दिलं, ते निमूट प्यायले आणि त्याच्याशी एका शब्दाने भांडले नाहीत. त्या न भांडण्यानेच मी घाबरलो.

काम उरकल्यावर मी दार उघडून धरलं. त्यांनी मान हलवली आणि छत्री उघडून थांब्याकडे चालू लागले. मी किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मग वॉचमनच्या विनवण्या करून गाडी आतच ठेवली, कुलूप लावलं आणि त्यांच्यामागे धावत सुटलो.

बसमध्ये शेजारी शेजारी जागा मिळाली. गाडी कुठे आहे, त्यांनी विचारलं. राहू दे तिथेच, उद्या येऊन नेईन, मी म्हणालो. माल वाहायची गाडी कोणी अशी परक्याच्या दारात सोडून येतं का, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"उद्या बसनेच यावं लागेल तुला."

"हो."

"कुठे उतरायचं, कुठली पकडायची, तुला काही कळायचं नाही. मी येतो बरोबर."

विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलंच, "आणि येताना?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"येताना बघू," म्हणाले, आणि मला नीट बसता यावं म्हणून थोडे आत सरकले.