डोळ्यातला नायलॉन

"आजी, यह कॉर्नियल ओपॅसिटी है," रायपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, ती पांढरी झाली होती. आपल्याकडे डोळ्यात फूल पडलं म्हणतात ना, तेच. धान पाखडताना उजव्या डोळ्यात भुसा गेला, जखम झाली, अन् मी गुलाबजल टाकत बसले. तुम्ही असं करू नका. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजवा गेला की अंधारच.

उपाय एकच, केराटोप्लास्टी. मेलेल्या माणसानं दान दिलेली काच आपल्या डोळ्यावर बसवायची. तिथवर मी हव हव म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "नायलॉन के टाँके लगेंगे." मी उठलेच.

आम्ही मूळचे नागपूरचे. संक्रांतीत नायलॉन मांजानं लोकांचे गळे कापतात, आम्ही गळ्याला रुमाल बांधून गाडीवर बसायचो. तोच डोळ्यात? "मले नाही करायचं बाई!"

माझी पोट्टी रायपुरातच वाढली. मराठी सारं समजते, बोलते हिंदीत. "आई, डॉक्टर तुम्हारी आँख से पतंग नहीं उड़ाएँगी!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मांजे पर काँच चढ़ी रहती है, आजी. यह सादा, चिकना धागा है, बाल से भी पतला. शरीर इससे झगड़ा नहीं करता." माझं तर चुलीशीही भांडण. म्हटलं, चला, कोणीतरी शांत घरात राहायला येतंय, अन् तयार झाले.

ऑपरेशनला डोळ्याजवळ सुई देऊन बधिर केलं. दुखलं नाही. पट्टी सोडली तर नुसतं धुकं. मी रडले. "धीरे-धीरे साफ होगा," त्या म्हणाल्या. झालंही तसंच. आधी खिडकी दिसली, मग तिच्या जाळ्या, मग जाळ्यांवरची धूळ.

टाके महिनोन्‌महिने राहतात, डॉक्टर सवडीनं काढतात. मधेच एक सैल झाला, डोळ्यात कचरा गेल्यासारखं टोचू लागलं. या खेपेला गुलाबजल नाही, त्याच दिवशी दवाखाना. टाका काढला, डोळा वाचला. तुमचाही डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसलं, तर चोळू नका, थांबू नका.

परवा पंडरीच्या कापडबाजारात दुकानदारानं जांभळी म्हणून साडी उलगडली. म्हटलं, "भैया, ही वांगी रंगाची आहे." पोट्टी माझ्याकडे बघतच राहिली.

काच कोणाची, ते सांगत नाहीत. मी मनातच त्या देणाऱ्याला म्हटलं, बाई असशील तर तुलेही हीच साडी आवडली असेल. पुरुष असशील तर धीर धर बापा, अजून दोन दुकानं बाकी आहेत.