नळीत अडकलेली गोळी

ठासणीची बंदूक आमच्याकडच्या सांघिक स्पर्धेत तिघांची असते. दोघं दारू आणि गोळी भरून गजानं ठासतात, तिसरा झाडतो. परवा नेमबाजीच्या रेंजवर शेजारगावच्या तुकाअण्णांनी नेम धरून चाप ओढला आणि वरची ठिणगी पाडणारी टोपी तेवढी फट्‌कन फुटली. आत गोळी होती, दारूच नव्हती.

"आरं, दारू कुणी घातली?" अण्णा गरजले.

भरणारे दोघं एकमेकांकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, ह्यानं घातली!"

"ह्यापरीस दिवाळीची टिकली बरी वाजती, अण्णा!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे हसले. मला हसू येईना. अण्णांच्या याच गावानं गेल्या महिन्यात आपला डोंगर खाणीला दिला. खाण कुणालाच नको होती. खाणीविरुद्धची माझी पत्रकं घरोघर पोचली होती, घोषणा पोरांनाही पाठ होत्या. पण ग्रामसभेत सरपंचांनी "कुणाची हरकत?" म्हणून विचारलं, तेव्हा जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसला. मी परगावचा, मला तिथं बोलायचा हक्क नव्हता. असल्या गप्प माणसांसाठी कुणी आणि किती ओरडायचं?

अण्णा आता गजाला पेच लावून, तो गोळीत रुतवून ती बाहेर ओढत होते. ती निघेल, बंदूक पुन्हा भरता येईल. निशाणामागं, त्याच डोंगरात, खाणीचं मशीन घरघरत होतं.